सारण भरलेला टर्की : एका सणाच्या पक्वान्नाचें उष्णताशास्त्र

नोव्हेंबर महिन्याचा चौथा गुरुवार हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आभारदिन म्हणून पाळला जातो. दूरदूरच्या शहरीं नोकरीधंद्यास असलेलीं मुलें त्या दिवशीं आईबापांच्या घरीं परत येतात, आणि भोजनाच्या मेजावर मध्यभागीं तांबूस-सोनेरी रंगावर भाजलेला एक भला मोठा पक्षी मांडलेला असतो. हाच टर्की. त्याच्या पोटांत पाव, कांदा व सुगंधी पानें यांचें सारण भरलेलें असतें, आणि तें सारण वाढून घेण्यासाठीं लहानथोरांचीं ताटें सारख्याच उत्सुकतेनें पुढें होतात. महाराष्ट्रांत होळीच्या पुरणपोळीवरून जशी सुगरणीची परीक्षा होते, तशी तिकडे या पक्ष्यावरून होते. भेद एवढाच कीं, पुरणपोळी फुटली तर फार तर थोडें हंसें होतें. परंतु सारण भरलेला टर्की बाहेरून खरपूस दिसूनही आंतून कच्चा राहिला, तर पंगतींतील वृद्धांस व बालकांस दुसऱ्या दिवशीं अंथरूण धरावें लागतें. म्हणून या पक्वान्नाची कृति जाणून घ्यावयाची तर तिच्या मुळाशीं असलेलें उष्णतेचें शास्त्र आधीं समजून घेतलें पाहिजे.

हा पक्षी मूळचा अमेरिका खंडाचाच रहिवासी होय. मेक्सिकोंतील लोकांनीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच त्यास माणसाळविलें होतें. सोळाव्या शतकाच्या आरंभीं स्पॅनिश लोकांनीं त्यास युरोपांत नेलें, आणि थोड्याच दशकांत तो इंग्लंडांतील धनिकांच्या मेजापर्यंत पोंचला. तो नक्की कोणत्या देशाचा याचा उलगडा त्या काळच्या सामान्य लोकांस नसल्यामुळें त्याच्या नामकरणांत मात्र मोठी मौज झाली. इंग्रजांनीं त्यास तुर्कस्थानचा ठरवून ‘टर्की’ म्हटलें. तुर्क लोक त्यालाच ‘हिंदी’ म्हणतात. फ्रेंचांच्या ‘दांद’ या शब्दाचा अर्थ ‘हिंदचा’ असा आहे, डचांचें ‘काल्कून’ हें नांव थेट मलबारच्या कालिकत बंदरावरून पडलेलें आहे, आणि पोर्तुगीज त्यास ‘पेरू’ म्हणतात. तुर्कस्थान, हिंदुस्थान वा पेरू यांपैकीं एकही देश त्या बिचाऱ्याची जन्मभूमि नव्हे.

हिंदुस्थानाशीं त्याचा खरा संबंध आला तो गोव्याच्या द्वारें. इ. स. १६१२ मध्यें जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान यानें गोव्याहून ज्या दुर्मिळ वस्तु दरबारीं आणल्या, त्यांत हा पक्षीही होता. माजावर आला असतां त्याच्या डोक्यामानेचे रंग पालटतात, हें पाहून बादशहाला इतकें नवल वाटलें कीं, त्यानें त्याचें वर्णन आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आणि चित्रकारांस त्याचें चित्र काढण्याची आज्ञा केली. उस्ताद मन्सूर यानें रंगविलेलें टर्कीचें चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आजही पाहावयास मिळतें.

आभारदिनाचें मूळ इ. स. १६२१ मधील प्लिमथ येथील सुगीच्या उत्सवांत शोधण्याची रूढि आहे. त्या उत्सवाच्या एका समकालीन पत्रांत शिकार करून आणलेल्या पक्ष्यांचा व पांच हरणांचा उल्लेख आहे. टर्कीचें नांव त्यांत नाहीं. त्याला सणाचा मान पुढें एकोणिसाव्या शतकांत मिळाला, आणि त्याचें श्रेय बव्हंशीं सारा जोसेफा हेल या विदुषीकडे जातें. १८२७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘नॉर्थवुड’ या कादंबरींत तिनें आभारदिनाच्या मेजावर सारण भरलेल्या टर्कीस अग्रस्थान दिलें. हा दिवस साऱ्या राष्ट्रानें एकाच वेळीं पाळावा म्हणून तिनें अनेक वर्षें लेखणी झिजविली. अखेर १८६३ मध्यें, यादवी युद्ध चालू असतांना, अध्यक्ष लिंकन यांनीं तसा जाहीरनामा काढला, आणि १९४१ च्या कायद्यानें नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम झाला.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. टर्की भाजणें अवघड कां, याचीं कारणें तीन आहेत.

पहिलें कारण त्याचें आकारमान. कोंबडी दीड-दोन किलोंची असते, तर घरगुती मेजवानीचा टर्की १२ ते २० पौंडांचा, म्हणजे सुमारें साडेपांच ते नऊ किलोंचा असतो. ओव्हन म्हणजे चहूंकडून तापणारी बंद भट्टी. तिच्यांतील उष्णता प्रथम कातडीला लागते व तेथून मांसांतून हळूहळू आंत झिरपते. पक्षी जितका जाड, तितका हा प्रवास लांबचा. तथापि वजन दुप्पट झालें म्हणजे वेळही दुप्पट लागतो असें नाहीं. तो सुमारें दीडपटच लागतो. पौंडास इतकीं मिनिटें असा ठोकळ हिशेब लहानमोठ्या सर्वच पक्ष्यांस लावला म्हणजे कोठें तरी चुकतो, तो यामुळेंच.

दुसरें कारण त्याची शरीररचना. टर्की हा मुख्यतः पायीं हिंडणारा पक्षी आहे. उडण्याचे प्रसंग त्याला क्वचित् येतात. दिवसभर राबणाऱ्या मांडीच्या स्नायूंत प्राणवायु सांठविणारें मायोग्लोबिन नांवाचें तांबडें द्रव्य पुष्कळ असतें, म्हणून तें मांस काळसर दिसतें. छातीचें मांस त्या मानानें पांढरें व नाजूक असतें. मांडीच्या मांसांत कोलॅजेन या चिवट द्रव्याचे तंतु अधिक असतात, आणि ते विरघळून त्यांचें मऊ जिलेटिन होण्यास उष्णताही अधिक लागते व वेळही. मांडी ८० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढली तरी ती बिघडत नाहीं, उलट अधिक मऊ होते. छातीचें मात्र तसें नाहीं. ७० अंशांच्या पुढें जों जों चढावें, तों तों तिच्यांतील रस ओलें फडकें पिळावें तसा बाहेर पडतो, आणि शेवटीं हातीं कोरडा चोथा राहतो. एकाच वेळीं, एकाच भट्टींत, एकाच पक्ष्याच्या दोन भागांस निरनिराळी उष्णता द्यावयाची, असा हा पेंच आहे.

तिसरें कारण पोटांतील सारण, आणि खरी मेख तेथेंच आहे. सारण पोकळीच्या अगदीं मध्यभागीं असतें. भट्टींतील तप्त हवेचा स्पर्श त्याला होत नाहीं. मांसाच्या व हाडांच्या भिंतींतून येईल तेवढीच ऊब त्याला मिळते. शिवाय भाजतांना कच्च्या मांसाचा रस त्यांत ठिबकतो, आणि त्या रसाबरोबर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे रोगजंतूही त्यांत शिरतात. ४ ते ६० अंश सेंटिग्रेड ही उष्णता जंतूंच्या वाढीस सोयीची असते, आणि सारण या पट्ट्यांतून फार सावकाश वर चढतें. अमेरिकेच्या शेतकी खात्याचा नियम असा आहे कीं, मांडी, छाती व सारणाचा मध्यभाग या तिन्ही ठिकाणीं उष्णतामान किमान १६५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ७४ अंश सेंटिग्रेड, झालेंच पाहिजे. परंतु पुष्कळदां असें होतें कीं, छाती ७४ अंशांवर येते तेव्हां सारण अजून साठीच्या घरांतच रेंगाळत असतें. पक्षी त्या क्षणीं बाहेर काढावा तर सारण धोक्याचें, आणि आंत ठेवावा तर छातीचा चोथा. पुढें जी कृति दिली आहे तींतील प्रत्येक पायरी या अडचणीवर उपाय म्हणूनच आहे.

उदाहरणादाखल १२ पौंडांचा पक्षी घेऊं. माणशीं एक पौंड या हिशेबानें तो बारा जणांस पुरतो. सारण भरावयाचें असेल तर याहून फार मोठा पक्षी घेऊं नये. माणसें अधिक असल्यास एका अजस्र पक्ष्यापेक्षां दोन मध्यम पक्षी बरे. दुकानांत मिळणारा पक्षी बहुधा बर्फासारखा गोठलेला असतो. तो ओट्यावर उघडा ठेवून वितळविणें हें चुकीचें आहे, कारण आंतला भाग दगडासारखा असतांनाच बाहेरचा भाग जंतूंच्या सोयीचा होऊन बसतो. दर ४ ते ५ पौंडांस एक दिवस या प्रमाणानें त्यास शीतकपाटांत वितळूं द्यावें. म्हणजे १२ पौंडांस तीन दिवस धरावेत. घाई असल्यास वेष्टनासह थंड पाण्यांत बुडवून ठेवावें व दर अर्ध्या तासानें पाणी बदलावें. या रीतीनें पौंडास अर्धा तास लागतो, आणि असा वितळविलेला पक्षी लगेच शिजवावा लागतो. पक्ष्याच्या पोटांत मान, काळीज इत्यादि भागांची एक पुडी ठेवलेली असते, ती आठवणीनें काढावी. कच्चें मांस धुण्याची संवय मात्र सोडून द्यावी. धुण्यानें जंतु मरत नाहींत. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ते मोरींत, ओट्यावर व शेजारच्या कोशिंबिरींत जाऊन पडतात.

त्यानंतर मिठाचें काम. भाजण्याच्या आदल्या दिवशीं पक्षी कागदानें टिपून कोरडा करावा, आणि बारीक मिठाचे सुमारें चार लहान चमचे त्याच्या अंगास सर्वत्र व पोकळींतही चोळावेत. मीठ प्रथम मांसांतील पाणी ओढून घेतें, मग त्या पाण्यांत विरघळून पुन्हा आंत मुरतें, आणि तेथील प्रथिनांत असा बदल घडवून आणतें कीं, तापल्यावर तीं कमी आकसतात व रस धरून ठेवतात. छातीच्या रक्षणाचा हा पहिला उपाय. मीठ लावलेला पक्षी शीतकपाटांत खालच्या खणांत, ताटांत, उघडाच ठेवावा, म्हणजे कातडी सुकते. ओली कातडी उकडली जाते, कोरडी कातडी भाजली जाते. पदार्थास सोनेरी रंग व खमंग वास आणणारी जी रासायनिक क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ माय्यार यानें १९१२ सालीं वर्णिली, ती पृष्ठभागावरचें पाणी आटल्याखेरीज नीट सुरू होत नाहीं. कांहीं गोठलेल्या पक्ष्यांत कारखान्यांतच खारें पाणी टोंचून घातलेलें असतें. वेष्टनावर तसा उल्लेख असेल तर वरून मीठ लावूं नये.

मसाल्याविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कुटलेला मसाला नुसता कातडीवर थापला तर साडेतीन तासांच्या आंचेंत तो करपून कडू होतो. म्हणून बोटांनीं छातीवरील कातडी अलगद सोडवून घ्यावी, आणि मऊ लोण्यांत मसाला कालवून तो कातडी व मांस यांच्यामध्यें पसरावा. न्यू इंग्लंडकडील जुन्या पद्धतींत मिरपूड, जायफळ, थाईम व सेज यांचा उपयोग होतो. यांपैकीं शेवटचीं दोन तुळस-पुदिन्याच्याच कुळांतील सुगंधी पानें होत. गोव्यांतील ख्रिस्ती घरांतून नाताळांत पक्षी भाजतात तेव्हां लाल मिरची, लसूण, दालचिनी, लवंगा हीं सिरक्यांत वाटून लावतात. यांतील मिरची हीसुद्धां टर्कीप्रमाणेंच अमेरिकेंतून पोर्तुगिजांबरोबर आलेली आहे, तेव्हां ही जोडी मुळांत परकी नव्हे. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी घरांतील कोणा गृहिणीनें आलें, लसूण, धनेजिरें व गरम मसाला यांचें वाटण लोण्याबरोबर कातडीखालीं घातलें, तर तें उत्तम मुरतें. दहीं लावल्यास मात्र वरचा रंग लवकर गडद होतो, हें जाणून लक्ष ठेवावें.

सारणासाठीं आदल्या दिवसाचा शिळा पाव हवा. ताजा पाव रस शोषून चिकट लगदा होतो. पावाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून ते मंद आंचेवर कडक करावेत. १२ पौंडांच्या पक्ष्यास असे आठ कप तुकडे पुरेत. दोन मोठे कांदे व सेलरीचे तीन-चार देंठ बारीक चिरून सुमारें १०० ग्रॅम लोण्यांत मऊ होईतों परतावे, त्यांत चिरलेलें सेज, थाईम, मिरपूड व मीठ घालावें. आवडीप्रमाणें आंबट सफरचंदाच्या फोडी किंवा उकडलेले चेस्टनट घालतात. दक्षिणेकडील संस्थानांत पावाऐवजीं मक्याच्या पिठाची जाड भाकरी चुरून घेतात. मांसाचे तुकडे घालावयाचे तर ते आधीं पूर्ण शिजवून घ्यावेत. शेवटीं गरम अळणी रस्सा दीड-दोन कप शिंपडून सारण ओलसर करावें. ओलेपणा केवळ चवीसाठीं नव्हे. कोरड्या उष्णतेपेक्षां दमट उष्णतेनें जंतूंचा नाश लवकर होतो.

कोरडे व ओले जिन्नस आदल्या दिवशीं निरनिराळे तयार करून थंड ठेवण्यास हरकत नाहीं. परंतु ते एकत्र करावयाचे ते अगदीं भरण्याच्या वेळीं, आणि सारण भरल्यावर पक्षी क्षणाचाही विलंब न करतां भट्टींत गेला पाहिजे. रात्रीं भरून ठेवून सकाळीं भाजणें ही सोय नव्हे, संकट आहे. भरतांना करंजीसारखें दाबून भरूं नये. पक्ष्याच्या दर पौंडास अर्धा ते पाऊण कप या मर्यादेंत तें सैल भरावें. पाव रस पिऊन फुगतो, आणि दाबलेल्या सारणाच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोंचतां पोंचत नाहीं. उरलेलें सारण वेगळ्या पसरट भांड्यांत भाजून घ्यावें.

भट्टी ३२५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारें १६३ अंश सेंटिग्रेड, तापवून पक्षी छाती वर करून जाळीवर ठेवावा व खालीं उथळ ताट असावें. याहून कमी आंच ठेवूं नये. सारण भरलेल्या १२ ते १४ पौंडांच्या पक्ष्यास साडेतीन ते चार तास लागतात. छातीवर हवा तेवढा रंग आला कीं फॉइल म्हणून मिळणारा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा तिच्यावर सैलसा पांघरावा; त्यामुळें छातीचा वेग मंदावतो आणि मांड्यांस व सारणास तिला गांठण्याची संधि मिळते. दर पंधरा मिनिटांनीं दार उघडून वर रस ओतण्याची जुनी चाल आहे. त्या रसाचा मांसांत प्रवेश होत नाहीं, कातडी मात्र ओली होते व भट्टी निवते.

तीन तास झाले कीं उष्णतामापकाचें काम सुरू होतें. त्याची सुई प्रथम मांडीच्या जाड भागांत, हाडाला न टेकतां, खुपसावी. मग छातीच्या जाड भागांत, आणि शेवटीं सारणाच्या ऐन मध्यभागीं. तिन्हीकडे ७४ अंश दिसल्यास पक्षी झाला. रंगावर विसंबूं नये. पूर्ण शिजलेलें मांसही कधीं कधीं गुलाबी दिसतें, आणि कच्चें सारण बाहेरून मुळींच ओळखतां येत नाहीं. छाती व मांडी तयार असून सारण मागें राहिलें असेल, तर छातीचा बळी देण्याचें कारण नाहीं. पक्षी बाहेर काढावा, सारण मोठ्या चमच्यानें एका भांड्यांत उपसून घ्यावें, आणि तें भांडें पुन्हा भट्टींत घालून त्याचे ७४ अंश पुरे करावेत. पंगतींतील कोणाला हा बदल कळणारही नाहीं.

भट्टींतून निघालेला पक्षी वीस मिनिटें तसाच विसांवूं द्यावा. तेवढ्यांत आंतील रस दाट होतो, आणि कापतांना ताटांत वाहून जात नाहीं. याच वेळांत ताटांत गळलेल्या चरबींत मैदा परतून, तळाचा खमंग खरवड रश्श्यानें सोडवून ग्रेव्ही तयार होते. प्रथम सारें सारण काढून घ्यावें, मग तंगड्या सांध्यावर सोडवाव्यात, आणि छातीचा पूर्ण खंड हाडावरून उतरवून तंतूंच्या आडवे काप करावेत. सोबतीस क्रॅनबेरी या आंबट तांबड्या फळांचा, गोड मोरंब्यासारखा पाक असतो.

जेवणानंतर सर्वांस सुस्ती येते. टर्कींत ट्रिप्टोफॅन नांवाचें झोंप आणणारें द्रव्य असल्यामुळें असें होतें, अशी समजूत रूढ आहे. पण तें द्रव्य कोंबडींतही तितकेंच असतें. सुस्तीचा दोष भरगच्च जेवणाकडेच जातो. ही सुस्ती मात्र एका दृष्टीनें घातक आहे, कारण उरलेलें अन्न तशांत तासन् तास मेजावर पडून राहतें. क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिंजन्स या जंतूचीं बीजें शिजविण्यानेंही मरत नाहींत, आणि अन्नाचा मोठा गोळा सावकाश निवत असतां तीं झपाट्यानें वाढतात. अमेरिकेंत या जंतूमुळें होणाऱ्या विषबाधेच्या सांथी नोव्हेंबर-डिसेंबरांतच विशेष आढळतात. यास्तव दोन तासांच्या आंत मांस हाडांवरून सोडवून व सारण निराळें करून उथळ भांड्यांत शीतकपाटांत ठेवावें, तीन-चार दिवसांत संपवावें, आणि पुन्हा ऊन करतांना तेच ७४ अंश गांठावेत. उरलेल्या हाडांचा सांगाडा उकळला म्हणजे दुसऱ्या दिवशींच्या सुपाची सोय होते.

अनुभवी हात, घड्याळाचे कांटे व कातडीचा रंग हे तिघेही या कामांत उपयोगी साक्षीदार आहेत. परंतु तिघांचीही दृष्टि बाहेरच थबकते. घरचीं सारीं माणसें वर्षांतून एकदां ज्या पानाभोंवतीं जमतात, त्या पानावरचें अन्न आंतूनही निर्धोक आहे एवढी खात्री करून घेणें हा आतिथ्याचाच भाग होय, आणि ती खात्री सारणाच्या गाभ्यांत खुपसलेली एक बारीकशी सुई अर्ध्या मिनिटांत देते.